टायपिंग क्लासातली बंदूक

गेल्या महिन्यात फोनवर वाचलं की आमच्या वेळचा तो गोळीबाराचा जुना खेळ कंपनीनं पुन्हा नव्यानं काढलाय आणि नव्या खेळाडूंना तो फुकट आहे. रविवार होता. माझी यादी तयार होती: दळण टाकणे, गॅसचा नंबर लावणे, बाबांच्या गोळ्या, कपाटाचा खालचा कप्पा. तिच्या शेवटी मी "खेळ" एवढंच लिहिलं आणि बाकीचं उरकून दुपारी तो लॅपटॉपवर उतरवून घेतला. नव्या मुलांसाठी त्यात बऱ्याच सोयी केल्या आहेत. सुरुवातीला एक बाई गोड आवाजात चालायचं कसं, दार उघडायचं कसं ते सांगते. आपण मेलो तर पुढच्या वेळी काय करावं याची सूचना येते. राक्षस धुऊन-पुसून ठेवल्यासारखे स्वच्छ दिसतात. मी बाईला मध्येच थांबवलं, कारण तोवर माझी बोटं आपली आपण जागेवर जाऊन बसली होती. आम्हाला हे समजावून सांगणारं कोणी नव्हतं, तरी त्या एका उन्हाळ्यात या खेळानं आमच्या घरात जे काम केलं ते कुठल्या शिकवणीनं केलं नसतं. ते एकदा नीट लिहून ठेवायचं होतं. आधी घर सांगते, मग खेळ.

आमचं घर बुलढाण्यात, चिखली रोडच्या आतल्या बाजूला. एकामागे एक तीन खोल्या आणि मागून गच्चीवर जाणारा जिना. पुढची खोली बाबांच्या टायपिंग क्लासची, मधली झोपायची आणि धान्याच्या कोठ्यांची, मागची स्वयंपाकाची. घरात कुठेही बसा, टाइपरायटरचा आवाज यायचाच. पहिली बॅच दूध उतू जायच्या वेळेला सुरू व्हायची आणि शेवटची दिवेलागणीला सुटायची. नवशिके एकेक अक्षर ठोकायचे, तो आवाज छपरावरून थेंब गळल्यासारखा. जुन्यांचा एकसलग, मधे ओळ संपल्याची घंटी आणि मग गाडा उजवीकडे ढकलल्याचा खर्रकन आवाज. आई चुलीजवळ कळण्याच्या भाकरी थापत असायची, ज्वारी आणि उडदाच्या मिश्र पिठाच्या, आणि तिथूनच तिला कळायचं कोणत्या मशीनवर कोण बसलंय. "तो चिखलीचा पोट्टा आज घाईत दिसते," असं ती म्हणायची, आणि पाच मिनिटांनी बाबा त्याच मुलाला हळू हो म्हणून सांगताना ऐकू यायचे. भाकरीवर मिरचीचा ठेचा, तेलाची धार, एखाद्या दिवशी चून, म्हणजे पिठलं. अजूनही कुठे ठेचा कुटताना ऐकला की मला त्याच्या मागे घंटी वाजेल असं वाटतं.

क्लासात बाबा म्हणजे सर. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या नाहीत, खिशात लाल पेन. शिकणाऱ्याच्या हातांवर ते पुठ्ठ्याचं छोटं छप्पर ठेवायचे, म्हणजे त्यानं बोटांकडे पाहू नये. डोळे मजकुरावर, बोटं जागेवर, हाच पहिला धडा आणि शेवटचाही. खोडरबर क्लासात यायचं नाही, अक्षरावर अक्षर मारायचं नाही. चुकलं की बाबांच्या लाल पेनाचा गोल कागदावर कायमचा राहायचा, कारण सरकारी परीक्षेत प्रत्येक चुकीचे गुण जायचे आणि त्या प्रमाणपत्रावर कोर्टात, जिल्हा परिषदेत, तहसीलमध्ये कोणाची तरी नोकरी अडलेली असायची. नवी बॅच आली की बाबा स्वतः मशीनवर बसायचे, एखाद्या मुलाला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावायचे आणि नजर समोरच्या भिंतीवर ठेवून टाइप करायचे. मग कागद ओढून काढायचे आणि हातोहात फिरवायचे. त्यावर चूक सापडली असं मी कधी पाहिलं नाही. भाजीबाजारात गेलो की निम्मे लोक त्यांना नमस्कार करायचे. वांगी विकणारा बाप्या सांगायचा की माह्या पोराले तुम्हीच लावलं जी कामाले. बाबा मान हलवायचे आणि पुढे जायचे, पण त्या दिवशी ते पिशवी मला धरू द्यायचे नाहीत, स्वतःच झुलवत आणायचे.

मग बातमी आली की पुढे परीक्षा कॉम्प्युटरवर होणार. कधी, ते कोणालाच माहीत नव्हतं, पण होणार हे सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी वेळ न घालवता दोन कॉम्प्युटर आणले आणि ते शिकवायला खामगावहून नितीन सर म्हणून एक तरुण ठेवला. नितीन सर जीन्स घालायचे, क्लास सुटल्यावर शिट्टी वाजवायचे, आणि त्यांच्याकडे सीड्यांची एक जाड पिशवी होती. त्यातल्या एका सीडीतून ती बंदूक आमच्या घरात आली. पडद्यावर खालून पुढे आलेली फक्त बंदूक दिसायची. ती धरणारा माणूस दिसायचा नाही, तो म्हणजे आपणच. गंजकट भिंती, बंद दारं, निळ्या दाराला निळी किल्ली, लाल दाराला लाल, आणि दारांमागे घुरघुरणारे राक्षस. पोरं शिकायची दहा मिनिटं आणि खेळायची बाकीचा वेळ. हे दोन-अडीच महिने चाललं. मग नितीन सरांना पुण्यात नोकरी लागली. बाबांच्या पाया पडून, आईच्या हातचं जेवून ते गेले आणि ती सीडी आमच्याकडे राहून गेली.

त्यानंतर दोन्ही कॉम्प्युटर आईनं शिवलेल्या फुलाफुलांच्या खोळींखाली झाकून राहिले. मुलं विचारायची, सर, कॉम्प्युटर केव्हापासून? बाबा म्हणायचे, पुढच्या महिन्यात. दुसरा शिक्षक मिळेना. बसस्टँडजवळ एक नवीन कॉम्प्युटर क्लास निघाला, काचेच्या दाराचा, आणि आमच्या सकाळच्या बॅचमधल्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. बाबांनी स्वतः कॉम्प्युटर शिकावा हा साधा उपाय घरात प्रत्येकाच्या मनात होता आणि कोणी बोलत नव्हतं. ते त्या मशीनजवळ जायचेच नाहीत. झाडताना सुद्धा त्यांचा झाडू त्या टेबलाला वळसा घालून जायचा. एकदा मीच धीर करून विचारलं, तर ते म्हणाले, "त्याच्यात कागद कुठी आहे वं? दाबलं तं काय झालं, कुठी झालं, काही दिसते का?" मला तेव्हा ते कारण म्हणजे टाळाटाळ वाटली. आज त्यांच्या तेव्हाच्या वयाला आल्यावर कळतं की ते खरंच बोलत होते. ज्यानं सगळं आयुष्य चूक न करण्यावर उभं केलं, त्याला जिथे चूक कुठे होते तेच दिसत नाही अशा जागी बोट ठेवायचं होतं. तेही पोरांसमोर.

अशातच डोणगावहून मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, यांचा निरोप आला. त्यांचं डोणगावात खता-बियाण्यांचं दुकान होतं आणि त्यांना हिशोबाला घरचा माणूस हवा होता. क्लास बंद कर, मशीन विकून टाक, जून लागायच्या आत इकडे ये, असं त्यांचं म्हणणं. पेरणीच्या वेळी गर्दी असते, तेव्हा माणूस हाताशी पाहिजे. यात वाईट काहीच नव्हतं. मोठेबाबा मायेनंच बोलवत होते, आणि बाबांनी नाहीही म्हटलं नाही. फक्त त्या आठवड्यात त्यांनी सगळ्या टाइपरायटरना तेल घातलं, एकेकाचे दात ब्रशनं साफ केले, आणि आईनं मला स्वयंपाकघरातून खूण करून ते पाहायला लावलं. मुलीच्या पाठवणीच्या आधी करतात तशी ती तयारी होती. दुकानात त्यांना कोणी सर म्हणणार नव्हतं. ते बोलून दाखवणाऱ्यांतले नव्हते, पण जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून ते क्लासच्या खोलीकडे पाहत राहायचे आणि आई मुकाट्यानं ताटात आणखी वाढायची.

मी बारावीची परीक्षा देऊन बसले होते. कामं वाटून घ्यायची सवय मला तेव्हापासूनच. सकाळी पाणी, मग क्लासची झाडपूस, मग वाळवणाला आईच्या हाताखाली. कॉम्प्युटरवरची धूळ माझ्या वाट्याला होती. एकदा खोळ काढलीच आहे तर लावून पाहू म्हणून मी बटण दाबलं. नितीन सरांनी मुलींना फारसं काही शिकवलं नव्हतं. मला येत होतं ते फक्त सीडी घालून खेळ सुरू करणं. म्हणून मी खेळले. बाणाच्या कळांनी चालायचं, कोपऱ्यातल्या कळेनं गोळी, स्पेसबारनं दार. पुठ्ठ्याच्या छपराखाली शिकलेली मुलगी मी, मला खाली पाहावं लागत नव्हतं. क्लासमधली पोरं बोटांकडे बघेपर्यंत राक्षस त्यांना खाऊन मोकळा व्हायचा. ती माझ्या मागे येऊन उभी राहायला लागली. "ए मनीषा, तिकडून नोको जाऊ, मागून येते तो," असं एकजण म्हणायचा आणि दुसरा त्याला म्हणायचा, "अबे चूप, तुले पहिल्याच दारात मारलं होतं."

आणि खेळता खेळता मी कॉम्प्युटर शिकले. आवाज गेला तर तो परत आणायला सेटिंगमध्ये जावं लागे. खेळ जपून ठेवायचा तर त्याला नाव द्यावं लागे आणि तो कुठे ठेवला ते लक्षात ठेवावं लागे. आमच्याकडे दुपारी लाइट जायची, तीही न सांगता, म्हणून मी दर दारापाशी खेळ जपून ठेवायला शिकले. एकदा काहीतरी पुसलं गेलं आणि ते शोधता शोधता मला फोल्डर म्हणजे काय ते कळलं. आजकालच्या मुलांना हे सांगितलं तर ती हसतात. पण मी ज्या कार्यालयात आज अधीक्षक आहे तिथला कारभार मी ज्या पद्धतीनं ठेवते, दर टप्प्याला जपून ठेवणे, नाव देऊन ठेवणे, दुसऱ्याला सापडेल असं ठेवणे, ती पद्धत सरळ त्या राक्षसांकडून आलेली आहे.

आवाजाची मात्र घरात चर्चा झाली. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं की तुमच्या इथं दुपारभर कोण कण्हते. आईनं सांगितलं, कॉम्प्युटर शिकून राह्यली पोरगी. काकू म्हणाल्या, एवढं दुखते का ते? पण आईचा कान आईचाच. काही दिवसांत तिनं न बघता खेळ ओळखायला सुरुवात केली. शेवयांचं पीठ मळता मळता ती आतून सांगायची की आता दार उघडलं वाटते, किंवा तो घुरघुर करणारा जवळ आला, सरक. एकदा मी बराच वेळ अडकले होते तेव्हा तिनंच सांगितलं की त्या भिंतीजवळून गेलं की आवाज पोकळ येते. जाऊन पाहिलं तर भिंत सरकली आणि मागे चोरखोली निघाली. पडद्याकडे तिनं त्या उन्हाळ्यात दोनदाही पाहिलं नसेल.

बाबांना शिकवायचे माझे सगळे प्रयत्न फसले होते. मी त्यांच्यासाठी कॉम्प्युटर कसा सुरू करायचा ते पायरीपायरीनं कागदावर लिहून दिलं, त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. खुर्ची ओढून दिली, ते उभे राहिले. शेवटी एक दिवस गच्चीवर कुरडया घालताना मी आईजवळ चिडचिड केली. आईनं सोऱ्या फिरवायचं थांबवलं नाही. म्हणाली, "तुह्या बाबाले शिका म्हणशील तं ते नाही बसायचे. काम सांग. काम सांगितलं तं ते कोणालेच नाही म्हणत नाहीत."

मोठेबाबा शनिवारी आले, बोलणं पक्कं करायला. आईनं फुनके आणि कढी केली होती. डाळ वाटून वाफवलेले फुनके मोठेबाबांना फार आवडायचे, आणि ते कढीत बुडवून खात खात त्यांनी दुकानाची सगळी व्यवस्था सांगितली. बसायची जागा कुठे, पंखा कुठे, राहायला मागची खोली. बाबा हं हं करत होते. जेवण झाल्यावर मोठेबाबा क्लासच्या खोलीत दोन बाकं जोडून त्यावर आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले. शनिवारी दुपारची बॅच नव्हती. मी खेळ लावून बसले होते आणि बाबा खिडकीजवळ उभे होते, पेपर हातात, पण पान उलटत नव्हते. तेवढ्यात आईनं जिन्यावरून हाक मारली की वारं सुटलंय, कुरडया उडतील, लवकर ये. खेळ मध्येच थांबवून ठेवता येतो, हे मला पक्कं माहीत होतं. तरी तो न थांबवता मी उठले आणि म्हणाले, "बाबा, एवढं दार सांभाळा. ते आपोआप बंद होते. बंद झालं की अंगठ्यानं स्पेसबार दाबायचा, बाकी काही नाही. मी आलेच."

आणि मी थांबले नाही, पळत गच्चीवर गेले. वारं बिरं काही नव्हतं. आई कठड्याला टेकून उभी होती. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता कुरडया उलटत राहिलो आणि खालचा आवाज ऐकत राहिलो. दार बंद झाल्याचा आवाज आला. थोडी शांतता. मग दार उघडल्याचा. परत बंद झाल्याचा, आणि या वेळी लगेच उघडल्याचा. "बसले," आई म्हणाली. असं चार-सहा वेळा झालं. आईच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं आणि मध्येच ते थांबलं, कारण आम्हाला दोघींनाही घुरघुर ऐकू आली. दार उघडं ठेवलं की कोणीतरी आत येणारच, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. एक मोठी किंकाळी आली, ती पडद्यावर आपण मरतो तेव्हाची, आणि पाठोपाठ खुर्ची मागे सरकल्याचा आवाज.

मी खाली आले तेव्हा बाबा टेबलापासून दूर उभे होते. दोन्ही हात शर्टाला पुसत होते, जणू हाताला काही लागलं होतं. पडदा लाल झाला होता. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते हळू आवाजात बोलले, मोठेबाबा जागे होऊ नयेत म्हणून.

"मने, बिघडलं वं माह्याच्यानं. मी तं फक्त दारच उघडलं. तुह्यं इतक्या दिवसाचं सारं गेलं."

मी पुढे होऊन एक कळ दाबली. पडदा उजळला, आणि आम्ही पुन्हा त्याच दारापुढे उभे होतो. तीच भिंत, तीच बंदूक, माझ्या दोन्ही किल्ल्या खाली जागच्या जागी. बाबा पुढे आले. खाली वाकून त्यांनी पडद्याकडे पाहिलं, कागद तपासताना पाहायचे तसं, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून.

"हे तेच होय? पहिलेचंच?"

मी हो म्हणाले. मागचं काही गेलं नाही, फक्त जिथे चुकलं तिथून पुढचं पुन्हा करायचं. त्यांनी विचारलं की चुकल्याची खूण कुठे राहते. मी सांगितलं की कुठेच राहत नाही. मग खुर्ची ओढून दिली तरी न बसणाऱ्या बाबांनी स्वतः खुर्ची ओढली आणि ते मला म्हणाले, "बाकीच्या कळा कोणत्या?"

त्या दुपारी बाबा किती वेळा मेले ते मोजलं नाही. बोटांना जागा सांगितली की ती पुन्हा सांगावी लागत नव्हती, ती त्यांची जन्माची कमाई होती. अडचण वेगळीच होती. थोडं अंतर सरळ चालून झालं की त्यांचा डावा हात आपोआप वर उचलला जायचा आणि ओळ संपल्यावर टाइपरायटरचा गाडा ढकलतात तसा उजवीकडे जायचा. तिथे गाडा नव्हता, स्पीकर होता. स्पीकर धाडकन आडवा, आणि तेवढ्यात राक्षस हजर. दुसऱ्यांदा हेच झालं तेव्हा मी हसू दाबलं. तिसऱ्यांदा बाबाच हसले, आवाज न करता, खांदे हलवून. शिवाय त्यांचा अंगठा दर चार-पाच ठोक्यांनंतर सवयीनं स्पेसबारवर पडायचा, शब्दानंतर जागा सोडायला, त्यामुळे जवळपासचं प्रत्येक दार ते गरज नसताना उघडून ठेवायचे आणि आतल्या सगळ्यांना बाहेर यायचं आमंत्रण द्यायचे.

स्पीकर पुन्हा पडला त्या आवाजानं मोठेबाबा उठून बसले. समोर त्यांचा धाकटा भाऊ, ज्यानं आयुष्यात कोंबडीवरही दगड मारला नव्हता, दात आवळून गोळ्या झाडत होता. मोठेबाबांनी डोळे चोळले, चष्मा शोधून लावला आणि विचारलं, "मास्तर, कोणाले मारून राह्यला बे?"

बाबांनी मान वळवली नाही. डोळे मजकुरावर, बोटं जागेवर.

"दादा, जरासा थांब," ते म्हणाले. "मले मरू दे, मंग बोलू."

मोठेबाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि आईला पाणी घेऊन यावं लागलं. पण मग ते बाकावरून उठून आमच्या मागे येऊन उभे राहिले, आणि थोड्या वेळानं त्यांनी डावीकडे कोणी आहे, उजवीकडे पाह्य, असं सांगायला सुरुवात केली. चहा झाला. दुकानाचा विषय पुन्हा निघाला तेव्हा बाबांनी एवढंच म्हटलं की जून लागू दे, मग सांगतो. मोठेबाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं, आणि आईला म्हणाले की फुनके बांधून द्या थोडे, घरी विचारतील. जाताना पायरीवर उभं राहून ते मला म्हणाले की तुह्या बापाले मशीनच्या पुढून उठवू नको, त्याचं तिथंच बरं दिसते. त्यांना माणूस हवा होता आणि तो मिळणार नव्हता, हे त्यांना बहुतेक आमच्याआधी कळलं. पुढे त्यांनी दुकानात आपल्या मेहुण्याला बसवलं.

पुढचे दिवस बाबा रोज दुपारी कॉम्प्युटरवर बसायचे. आधी खेळ, मग काम. खेळात हात सैल झाले की मी खेळ बंद करून लिहायचं पान उघडून द्यायची. पहिल्यांदा मराठीचा फॉन्ट लावला आणि त्यांनी चाचपडत एक कळ दाबली, तेव्हा पडद्यावर तेच अक्षर आलं जे टाइपरायटरवर त्या जागी येतं. दुसरी दाबली, तेही बरोबर. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं परक्या गावात कोणी ओळखीचं भेटावं. मग ते थांबलेच नाहीत. समोरच्या भिंतीकडे नजर लावून त्यांनी अर्धं पान टाइप केलं, स्पीकर मी आधीच उचलून ठेवला होता, आणि शेवटी खाली पाहिलं तर मध्ये दोन चुका होत्या. कळा इतक्या हलक्या की बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटत होतं. मी पुढे झाले तर ते म्हणाले, राहू दे, मी पाहतो. कर्सर मागे नेत नेत त्यांनी त्या चुका एकेक करून स्वतः काढल्या. इतक्या सावकाश, इतक्या मन लावून की मी मधल्या खोलीत निघून गेले. काही गोष्टी माणसाला एकट्याला करू द्याव्या. आजही ते फोनवर मला मेसेज करतात तेव्हा चुकलेलं अक्षर काढून नीट करून मगच पाठवतात. वेळ लागतो. मी थांबते.

अडचणी संपल्या असं नाही. प्रिंटर कागद अडकवायचा, लाइट जायची, आणि बसस्टँडजवळच्या क्लासात बाबांना न येणाऱ्या कितीतरी गोष्टी शिकवत होते. हे त्यांनाही माहीत होतं. जूनच्या पहिल्या सोमवारी नवी बॅच होती. नावं थोडीच होती, त्यात दोघं-तिघं आमच्याकडूनच तिकडे जाऊन परत आलेले. त्या सकाळी बाबांनी शर्ट दोनदा बदलला. आईनं दारात पाणी शिंपडलं. मला त्यांनी सांगितलं की तू आत बस, पुढे येऊ नकोस, आणि मी मधल्या खोलीच्या दाराआड उभी राहिले.

मुलं बसली. कॉम्प्युटर दोन आणि मुलं जास्त, म्हणून काही मागच्या भिंतीशी स्टुलावर होती. बाबांनी कॉम्प्युटर सुरू केला, पान उघडलं, एका मुलीला वर्तमानपत्र वाचायला लावलं आणि नेहमीसारखं भिंतीकडे बघत टाइप केलं. मुलं वाकून पाहत होती. मग बसस्टँडजवळून परत आलेल्यांपैकी एकानं हात वर केला. सर, असा तक्ता कसा काढायचा, रकाने पाडून? त्यानं मुद्दाम विचारलं की सहज, मला सांगता येणार नाही. पण खोलीतली सगळी डोकी बाबांकडे वळली. मला ते येत होतं. माझा पाय उंबऱ्यापर्यंत गेला आणि मी तो मागे घेतला.

बाबा पडद्याकडे पाहत राहिले. त्या खोलीत इतक्या वर्षांत त्यांनी न उच्चारलेलं वाक्य त्यांनी उच्चारलं, आणि तेही घरातल्या बोलीत, जी क्लासात ते कधी वापरत नसत.

"मले नाही येत अजून," ते म्हणाले. "दाबून पाहू. बिघडत नाही ते. सांग, कुठून सुरू करू?"

मग त्या मुलानं काहीतरी सांगितलं, वाचणाऱ्या मुलीनं पेपर खाली ठेवून दुसरंच सुचवलं, आणि मागच्या भिंतीशी बसलेल्यांनी आपापली स्टुलं फरशीवरून खरखरत टेबलाजवळ ओढली.